शालूबाईच्या शेजारची खुर्ची

शालूबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. आता यावरून त्या घरात चिडीचूप शांतता होती असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं एकदा फुलेवाडीत येऊन बघावं. शालूबाई बोलत होती, आणि भरपूर बोलत होती. फक्त तव्याशी.

"तव्या, त्यांस्नी म्हनावं, भाकरी गार व्हायला लागलीया."

"तव्या, इचार की जरा, आज आंघुळ करनार हाईत का तसंच पारोसं जानार हाईत त्या मशिनीकडं?"

केरबा पाटावर बसून तव्याकडं बघायचा आणि तव्यालाच उत्तर द्यायचा. तेही बिचारा हळू आवाजात द्यायला बघायचा, पण सिनेमाच्या दोन मशिनींच्या मधे उभं राहून ज्याची हयात गेली, त्याचा हळू आवाज म्हणजे काय विचारता! त्यानं कुजबुज केली की ती गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. "करतो म्हनावं आंघुळ!" असं तो म्हणाला, की भिंतीपलीकडची विठाबाई आपल्या नवऱ्याला सांगायची, "केरबा आंघुळ करनार हाय बगा आज."

केरबा वनराज टॉकीजचा ऑपरेटर होता. पोरवयात तो तिथं चिकटला आणि चिकटला तो चिकटलाच. लक्ष्मीपुरीच्या मागच्या अंगाला ते टॉकीज, खाली पान-तंबाखूच्या पिचकाऱ्या, वर बाल्कनी, आणि बाल्कनीच्याही मागं, लोखंडी जिन्यानं चढून गेलं की केरबाची केबिन. आत भट्टीसारखी उष्णता आणि दोन मशिनी. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका चमकतो. तुमच्याआमच्या डोळ्यांना तो दिसत नाही, आणि ऑपरेटरला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. ठिपका दिसला की दुसरी मशीन चालू करायची, पुन्हा दिसला की हिचं झाकण पाडून तिचं उघडायचं. केरबाच्या हातानं हे इतकं बेमालूम व्हायचं की खाली बसलेल्याच्या तोंडातला भडंग तोंडात आणि हातातला हातात राहायचा. त्यामुळं केरबानं हजारो सिनेमे दाखवले, आणि खरं सांगायचं तर एकही बघितला नाही. त्यानं सगळे कोपरेच बघितले.

तर बोलणं टाकायचं कारण. त्यांची लेक क्रांती, तिचं लग्न. मांडव सजला होता, गगनबावड्याकडनं वऱ्हाड आलं होतं, केरबा फेटा बांधून, कपाळाला गंध लावून, पाव्हण्यांना 'या, बसा' करत होता. एवढ्यात टॉकीजचे मालक आण्णा यांचा निरोप आला. बदलीला ठेवलेल्या माणसानं रीळ तोडून ठेवलंय, पब्लिक खुर्च्या मोडायला लागलंय, पाच मिनिटं येऊन जा. केरबा म्हणाला, "आलोच." आणि फेट्यासकट सायकलवर बसला.

रीळ त्यानं जोडलं. पण जोडलेलं रीळ सोडून कसं जायचं? परत तुटलं तर? म्हणून तो ते संपेपर्यंत थांबला. संपताना कोपऱ्यात ठिपका चमकला. आता ठिपका चमकल्यावर हात गप्प बसतो होय? हातानं दुसरी मशीन चालू केली. मग तिच्यावरचं रीळ. केरबा मांडवात परत आला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या, आजऱ्याच्या मामानं बापाच्या जागी उभं राहून सगळं उरकलं होतं आणि शेवटच्या पंगतीला भात वाढत होते. "असू दे बाबा," क्रांती म्हणाली आणि रडत सासरी गेली. ती रडली ते सासरी जायचं म्हणून, असं केरबानं स्वतःला समजावलं. शालूबाई काहीच म्हणाली नाही. त्या दिवशी म्हणाली नाही, दुसऱ्या दिवशी म्हणाली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तव्याशी बोलली.

असं वर्ष गेलं. मग एका सकाळी आण्णांनी केरबाला खाली बोलावून घेतलं.

"केरबा, पुढच्या महिन्यात नवं मशीन बसतंय. आता सिनेमा आभाळातनं येनार. डबं न्हाईत, रिळं न्हाईत. बटन दाबलं की झालं."

"आनि मधीच तुटला तर?" केरबानं विचारलं.

"आभाळ तुटतंय व्हय रं?" आण्णा म्हणाले. "तू खाली गेटवर बस गुंडूसंगं. तिकिटं फाडायची, आरामात ऱ्हायचं."

केरबानं घरी येऊन हे तव्याला सांगितलं. त्याला वाटलं, आता तरी ही खूश होईल. सवत निघाली म्हणायची घरातनं. शालूबाईनं भाकरी उलटली, फुगू दिली, आणि तव्याला म्हणाली:

"तव्या, मशीन गेल्यावर रिकामा मानूस कुटं बी बसंल. त्याला काय किंमत? त्यांस्नी सांग, ती मशीन वर चालू असताना, माज्या शेजारी बसून एक सिनेमा बगा. पैल्यापासनं शेवटापतोर. एकदा बी न उटता. लगीन झाल्यापास्नं शेजारची खुर्ची मोकळी घिऊन बसलीया मी. बसून दावलं तर बोलंन. उटलं की संपलं. मग मी आनि तू, जल्मभर."

तवा काही बोलला नाही. केरबाला मात्र घाम फुटला. तापलेल्या केबिनमधेही न फुटणारा घाम तो. हिचा शब्द म्हणजे शब्द, हे त्याला ठाऊक होतं. आणि नाही जमलं तर तव्याचं तोंड बघून उरलेलं आयुष्य काढायचं. गेटवर बसायचं, घरी यायचं, आणि घरी बोलायला कोण? तर तवा!

त्यानं रविवारचा संध्याकाळचा खेळ धरला. मशिनीवर उभं करायला माणूस कोण, तर गेटवरचाच गुंडू. गुंडू काही लहान पोरगं नव्हतं, नातवंडं होती त्याला, आणि केरबा आजारी पडला की मशीन तोच चालवायचा. चालवायचा म्हणजे चालू करायचा. पुढचं देवाच्या हातात.

"रीळ गुंडाळून ठेवलेलं बगून लाव," केरबानं त्याला बजावलं. "आनि काय बी झालं तरी मला हाक मारू नगंस. काय बी."

"आग लागली तर?"

"तरी बी नगं."

रविवारी शालूबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून निघाली. हातात भडंगाची पुडी. बाल्कनीत, मधल्या रांगेत, अगदी मोक्याच्या खुर्च्या. तिनं शेजारच्या खुर्चीवर हात फिरवून धूळ झटकली आणि केरबा बसला. मऊ खुर्चीवर बसायची त्याला सवय नव्हती. तो पाहुण्यांच्या घरी बसतात तसा काठावर बसला.

सिनेमा सुरू झाला. हिरो ट्रक ड्रायव्हर, हिरॉईन त्याची बायको, सासू खाष्ट, सासऱ्याला खोकला. शालूबाई रमून गेली. केरबा मात्र वरच्या उजव्या कोपऱ्याकडं बघत होता. मागच्या भिंतीच्या भोकातून मशिनीचा आवाज येत होता, आणि तो आवाज त्याला खुर्चीतून वर ओढत होता. पहिला ठिपका चमकला. केरबाचा उजवा हात आपोआप वर गेला आणि पुढच्या खुर्चीतल्या माणसाच्या टोपीवर पडला.

"काय ओ पावणं?"

"चुकून," केरबा म्हणाला.

शालूबाईनं कोपरानं ढोसलं. केरबानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. मग पडदा जरा धूसर झाला. जराच. कुणाला कळलंही नसतं. पण केरबा मान मागं वळवून, पडद्याकडं पाठ करून, त्या भोकाकडं बघत हळूच म्हणाला, "फोकस!"

सगळी बाल्कनी दचकली.

"कोन रं त्यो?"

"केरबा हाय की. ऑपरेटर."

"मग वर कोन हाय?"

यावर बाल्कनीत जरा काळजीचं वातावरण पसरलं. केरबा मुकाट्यानं पुन्हा पुढं वळला.

पडद्यावर हिरो-हिरॉईनचं कडाक्याचं भांडण झालं. तिनं पेटी भरली, कुणाचा निरोप घेतला नाही की मागं वळून बघितलं नाही, सरळ एस्टीत बसून माहेरी गेली. हिरो रिकाम्या घरात ढसाढसा रडला. आणि पुढच्याच क्षणी ती त्याच्या घरात, पदर खोचून, गाणं गुणगुणत पोहे करत होती.

"आँ?" शालूबाई म्हणाली. "ही तर भांडून माहेरला गेलती न्हवं? मग ह्याच्या घरात पोहं काय करतीया?"

हा प्रश्न तिनं केरबाला विचारला होता. त्याच्या तोंडाकडं बघून. इथं तवा नव्हता. शालूबाईच्याही ते लक्षात आलं, तिनं जीभ चावली आणि पदर तोंडाला लावला. पण शब्द सुटला तो सुटला.

आणि त्याच वेळी केरबाला दुसरी गोष्ट आठवली. त्या दोन दृश्यांच्या मधला तुकडा वर केबिनमधे पत्र्याच्या डब्यात पडला होता. त्यानंच कापला होता.

त्याचं असं, की सिनेमा लांब असला की आण्णा म्हणायचे, दिवसाचे चार खेळ बसत न्हाईत, थोडा आखूड कर. मग शुक्रवारच्या पहिल्या खेळाला केरबा केबिनच्या भोकातून एक डोळा ठिपक्यावर ठेवून दुसऱ्यानं पब्लिक बघायचा. फायटिंगला कोण हलत नाही. गाण्याला कोण हलत नाही. ज्या सीनला माणसं उठून मुतारीकडं चालायला लागतात, तो सीन कामाचा नाही, लाव कात्री. इतका साधा हिशेब. या हिशेबानं त्यानं आजवर किती बापांचे उपदेश, किती आयांची आजारपणं कापली असतील त्याची गणती नाही. परवाच्या शुक्रवारी या सीनला निम्मं टॉकीज उठलं होतं.

"मधी एक सीन हाय," केरबा म्हणाला.

शालूबाईचे डोळे म्हणत होते, कुठाय?

"डब्यात हाय. मी कापलाय. लोकं मुताया जात हुती."

हे सगळं त्यानं तिच्या कानात सांगितलं, म्हणजे साऱ्या बाल्कनीला सांगितलं. मागच्या रांगेतला एक तालमीतला गडी पुढं वाकला.

"आयला, तरीच म्हटलं! मामा, मग काय हुतं त्यात ते सांगा की. आमाला बी टोटल लागंना झालीया."

"सांगा की!" आणखी दोघं-तिघं म्हणाले.

आता आली का पंचाईत! केरबानं तो सीन कापताना बघितला होता होय? त्याला एवढंच आठवत होतं, की एक बंद दार होतं आणि हिरो त्याच्यासमोर बराच वेळ उभा होता. पण शालूबाई बघत होती. वर्षानंतर बघत होती. केरबानं आपल्या मनानंच सुरुवात केली.

"हिरो जातो सासुरवाडीला. दारात हुबा ऱ्हातो. ती काय दार उगडत न्हाय. मग त्यो भायनंच म्हनतो, चुकलं माजं."

"मग?" शालूबाईनं विचारलं.

"म्हनतो, मी येनारच हुतो. सायकल काढलीच हुती मी."

"त्याचा ट्रक हाय की मामा," तालमीतला गडी म्हणाला.

"पंक्चर झालाय ट्रक! गप ऐक की." केरबाचा आवाज चढला. "म्हनतो, एक रीळ झालं की निघायचं असं ठरवलं हुतं. पन एक झालं की दुसरं. खाली एवढी मानसं माज्या नावानं वरडत असत्यात. मला वाटायचं, मी हललो की सगळीकडं अंधार पडतोय. आनि घरात काय, घरात तू हाईस. तू हाईस म्हनून मी बिनघोर. तू एकटी काय काय बगतीस ते मी कवा इचारलंच न्हाय."

"हिरो रिळाचं काम कवा करतोय?" कुणीतरी हळूच विचारलं. एका बाईनं त्याला दटावलं.

केरबाला आता थांबता येईना. "म्हनतो, पोरीच्या डोक्यावर चार दानं टाकायचं माज्या नशिबात न्हवतं, असं लोकांस्नी सांगत फिरतोय मी. पन नशिबानं काय केलंय? नशीब बिचारं मांडवातच बसलं हुतं. मीच गेलो. पोरगी 'असू दे' म्हनली. ते काय असू देन्यासारखं हुतं का?"

बाल्कनीत कुणी भडंगही चघळत नव्हतं. पडद्यावर हिरॉईन पोहे वाढत होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"पन ह्यांस्नी पोरगी कुठली? लगीन परवाच झालंया की त्यांचं," तालमीतला गडी कळवळून म्हणाला.

"गप ए मुडद्या," ती बाई डोळे पुसत म्हणाली.

शालूबाई समोर बघत होती. मग म्हणाली, "आनि ती काय म्हनती?"

केरबानं खूप आठवून बघितलं. खोटं सांगावं असंही त्याच्या मनात आलं. पण मेलं तरी ते त्याच्या तोंडून निघेना.

"ते मला म्हाईत न्हाय," तो म्हणाला. "तवा मी कोपऱ्यातल्या ठिपक्याकडं बगत हुतो."

इंटरवल झाला. दिवे लागले. माणसं चहाला, वड्याला, मुतारीला पळाली. केरबालाही जायचं होतं, चांगलंच जायचं होतं, पण तो खुर्ची धरून बसून राहिला. शालूबाईनं ते बघितलं आणि भडंगाच्या पुडीला म्हणाली, "पुडे, त्यांस्नी सांग, इंटरवलला उटल्यालं मी धरत न्हाय."

तवा नाही तर पुडी! म्हणजे अजून काही खरं नव्हतं. केरबानं मांडीवर मांडी टाकून ती घट्ट आवळली. "न्हाय उटनार," तो पुडीला म्हणाला. "धर न्हाय तर नगं धरूस."

दिवे गेले. दुसरा भाग सुरू झाला, आणि टॉकीजमधे एकच गलका उठला.

हिरो डोक्यावर उभा होता. घर उलटं, ट्रक उलटा, झाडांचे शेंडे खाली. त्यात सगळं मागं मागं चाललेलं. सासऱ्याचा खोकला तोंडात परत शिरत होता, आणि आवाजाच्या नावानं नुसती घरघर. गुंडूनं आधीच्या खेळाचं रीळ परत गुंडाळून सरळ न करता शेपटाकडनं लावलं होतं. खाली पब्लिकनं खुर्च्या बडवायला सुरुवात केली. शिट्ट्या. आणि मग नेहमीप्रमाणं साऱ्या टॉकीजनं त्याच्या नावानं ओरड सुरू केली: "केर-बा! केर-बा!"

केरबाचे गुडघे उठले. खरंच उठले, बुड खुर्चीपासून वेगळं झालं. शालूबाईनं बघितलं. त्या दिवशी मांडवात बघितलं होतं तसंच बघितलं. केरबा परत बसला आणि खुर्चीचे हात असे आवळले की लाकूड कुरकुरलं.

टॉर्चचा उजेड पाडत आण्णा धापा टाकत वर आले. "केरबा, बसलाइस काय मर्दा! चल वर!"

"आण्णा, आज माजी रजा हाय."

"रजा? आरं, पब्लिक खुर्च्या मोडाय लागलंय खाली!"

"मोडू द्यात," केरबा म्हणाला. त्याचा हळू आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "त्या दिवशी बी मोडू द्यायला पायजे हुत्या."

आण्णांनी टॉर्च जरा बाजूला फिरवला. उजेडात हिरवं लुगडं दिसलं, शालूबाईचं तोंड दिसलं. लग्नाच्या दिवशी निरोप कुणी धाडला होता, ते आण्णांना बहुतेक आठवलं असावं. ते टॉर्च विझवून गुंडूच्या नावानं शिव्या घालत लोखंडी जिन्यानं वर गेले.

पडद्यावरचं चित्र उलटंच चालू होतं. केरबाच्या हाताला मुंग्या आल्या होत्या. "रीळ उतरवायचं, गुंडाळून लावायचं. काम काय न्हाय त्यात," तो पुटपुटला. "गुंडूला जमायचं न्हाय. आण्णांस्नी तर..."

त्याच्या मनगटावर शालूबाईचा हात पडला. भाकऱ्या थापून राठ झालेला, भडंगाचं तेल लागलेला हात.

"बसा," ती म्हणाली. त्याला म्हणाली. "उलटा तर उलटा. काय चाललंया तेवढं तुमी सांगा."

केरबानं मान वर केली. कोपरा सोडून, आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पडद्याच्या मधोमध बघितलं. खाली डोकं, वर पाय केलेला हिरो पाठमोऱ्या पावलांनी रस्त्यावरून चालला होता.

"त्यो..." केरबा म्हणाला. "त्यो मागं मागं चालत घरला निघालाय."

"मग येऊ द्या की," शालूबाई म्हणाली, आणि भडंगाची पुडी तिनं त्याच्यापुढं धरली.